दुसऱ्या चित्रपटाचा नायक

स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने काही लिहून द्यावे, असा निरोप आला तेव्हा आम्ही सहाजणांनी फोनवर बराच खल केला. विहीर, भाजीचे वाफे, पहाटेची घंटा यांवर आमच्या आधीच्या तुकड्यांनी लिहून झाले आहे. मग एकाने विचारले, शनिवारच्या चित्रपटांवर कोणी लिहिले आहे काय? कोणीच लिहिले नव्हते. त्या चित्रपटांची तेवढी योग्यता नाही, असे वाटले असावे. आम्हांस तसे वाटत नाही, म्हणून हा लेख.

शनिवारी रात्रीचे जेवण होऊन ताटे धुतली की भोजनगृहात दूरदर्शन संच मांडला जाई. दहा वाजता दिवे मालवण्याचा नियम होता आणि तो शनिवारलाही लागू होता. तीन तासांचा हिंदी चित्रपट त्या वेळेत बसणे शक्य नव्हते. नायक-नायिकेची ताटातूट होई आणि आम्ही अंथरुणावर जाऊन पुढचे कथानक आपापल्या मनाने रचत असू. इंग्रजीच्या सरांनी यावर तोड काढली. त्यांच्यापाशी जुन्या इंग्रजी रहस्यपटांच्या काही सीडी होत्या. चित्र कृष्णधवल, आवाज खरखरणारा, आणि लांबी जेमतेम एका तासाची. मुलांच्या कानावर इंग्रजी पडावे, हा सरांचा हेतू. इंग्रजी किती पडले ते सरच जाणोत. पण नऊ वाजता झालेल्या खुनाचा उलगडा दहाच्या आत होतो, हे आम्हांस फार आवडले.

हे चित्रपट एवढे आटोपशीर का, याचे कारण आम्हांस पुढे वाचनातून कळले. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात अमेरिकेतील चित्रपटगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. पहिला मोठा, नामवंत नटनट्यांचा. दुसरा जोडीला दिलेला, आणि त्यालाच ‘बी’ चित्रपट म्हणत. आपल्याकडे ‘बी ग्रेड’ म्हटले की लोक नाक मुरडतात. मुळात त्या अक्षराचा अर्थ ‘जोडीचा’ एवढाच होता. मोठ्या चित्रपटाच्या निर्मात्यास तिकीटविक्रीतील हिस्सा मिळे, तर दुसऱ्याचे भाडे साधारणपणे ठरलेले असे. चित्रपट कितीही रंगला तरी उत्पन्न वाढायचे नाही. मग खर्च कमी करणे एवढेच हाती उरे. म्हणून एक-दोन आठवड्यांत चित्रण उरकायचे, दुसऱ्या चित्रपटासाठी उभारलेल्या खोल्या वापरायच्या, आणि भिंत अपुरी असेल तेथे काळोख किंवा धुके सोडायचे. अशा छोट्या कंपन्यांच्या हॉलिवुडातील वस्तीला ‘पॉव्हर्टी रो’, म्हणजे दारिद्र्याची आळी, असेच नाव पडले होते.

वसतिगृहातील मुलांना हे दारिद्र्य चटकन ओळखू येई. बॅसिल रॅथबोन यांनी शेरलॉक होम्सची भूमिका केलेला ‘टेरर बाय नाइट’ हा १९४६ सालचा चित्रपट आम्ही चार वेळा पाहिला. एक तासाचे ते कथानक लंडनहून एडिंबरोला निघालेल्या आगगाडीत घडते. एक मौल्यवान हिरा, मोजके प्रवासी, आणि ये-जा करायला डब्यातील अरुंद वाट. एवढ्या तुटपुंज्या साहित्यात माणसे एक तास खिळवून ठेवता येतात, याचे आम्हांस नवल वाटे. आमच्या स्नेहसंमेलनातील नाटकालाही दोन चादरी आणि एक टेबल एवढेच नेपथ्य असे.

पण खरे आकर्षण निराळे होते. या चित्रपटांतील गुप्तहेर श्रीमंत नसतो, पहिलवानही नसतो. त्याचे हत्यार म्हणजे प्रश्न. तो बंगल्याच्या मालकाला विचारतो, त्या वेळी आपण कुठे होता? तोच प्रश्न तो आचाऱ्याला विचारतो, आणि दोघांनाही उत्तर द्यावे लागते. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी शाळेची पायरी चढलेली ही पहिलीच पिढी. आमच्या गावांत प्रश्न वरून खाली येत. खालून वर गेलेला प्रश्न उद्धटपणा ठरे. गढीवरच्या माणसाला आचाऱ्याच्या रांगेत उभे करून जबाब घेणारा मनुष्य आम्ही प्रथम पाहिला तो त्या भोजनगृहात.

आठवीत असताना याची परीक्षा झाली. सहलीसाठी गोळा केलेले पैसे एका मुलाच्या पेटीतून नाहीसे झाले. संशय गेला तो त्याच वर्षी आलेल्या एका मुलावर. तो अबोल होता, त्याचे कपडे सर्वांत जुने होते, आणि त्याचे लोक पाल ठोकून गावोगाव फिरणारे होते. याहून दुसरा पुरावा नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याच्या शेजारी जेवायला कोणी बसेना. आम्हीही बसलो नाही. हे येथे लिहिलेच पाहिजे. मग रात्री आमच्यातील एकाला होम्सची आठवण झाली. पैसे शेवटचे कोणी पाहिले? कधी? त्यानंतर पेटी कोणी हलवली? तासभर असे विचारत गेल्यावर पेटीच रिकामी करावी असे ठरले. तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या घडीत सर्व नोटा मिळाल्या. पेटीवाल्याने त्या स्वतःच तेथे ठेवल्या होत्या आणि तो विसरला होता.

तो मुलगा आज हा लेख लिहिणाऱ्या सहाजणांपैकी एक आहे. हा परिच्छेद त्याला वाचून दाखवला, तेव्हा त्याने आमच्या कौतुकाची दोन वाक्ये खोडायला लावली.

चेहऱ्यावरून माणूस ठरवू नये, हा धडा त्या दिवशी आम्ही शिकलो, असा आमचा समज झाला. तो समज किती कच्चा होता, हे कळायला बारा वर्षे गेली.

सरांच्या सीडींमध्ये मोनोग्राम या छोट्या कंपनीचे ‘मिस्टर वाँग’ मालिकेतील चित्रपट होते. सॅन फ्रान्सिस्कोतील हा विद्वान, शांत चिनी गुप्तहेर आमचा लाडका होता. एका शनिवारी सरांनी त्याच मालिकेतील ‘फँटम ऑफ चायनाटाउन’ लावला. एक पुराणवस्तुसंशोधक मंगोलियातील मोहिमेवरून परततो, भरल्या सभागृहात व्याख्यान देतो, मध्येच पाण्याचा घोट घेतो आणि कोसळतो. आरंभ झकास होता. पण वाँग बदलला होता. नेहमीच्या पोक्त गृहस्थाऐवजी हा कोणी तरुण होता. आम्ही ओरडलो, “सर, हा खोटा वाँग आहे! खरा लावा!” सर हसले आणि काही बोलले नाहीत.

बारा वर्षांनी आम्ही एका मित्राच्या घरी जमलो असता तो चित्रपट इंटरनेटवर सापडला. जुन्या हौसेने लावला आणि नटांची माहितीही वाचली. आमचा ‘खरा’ वाँग म्हणजे बोरिस कार्लॉफ, फ्रँकेनस्टाइनचा राक्षस साकारून गाजलेले, इंग्लंडमध्ये जन्मलेले नट. रंगभूषेने त्यांना चिनी केले होते. मालिकेतील पहिल्या पाच चित्रपटांत ते आहेत. आणि १९४० सालच्या या सहाव्या, अखेरच्या चित्रपटातील ‘खोटा’ वाँग म्हणजे की ल्यूक, चीनमधील ग्वांगजौ येथे जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले चिनी नट.

आम्ही काही वेळ कोणीच बोललो नाही. रंग लावलेल्याला आम्ही खरे म्हटले होते आणि खऱ्याला खोटे.

तो काळ ध्यानात घेतला की या छोट्या चित्रपटाचे मोल कळते. चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास मनाई करणारा १८८२ चा कायदा १९४३ पर्यंत रद्द झाला नव्हता. १९३७ साली मोठ्या खर्चाने काढलेल्या ‘द गुड अर्थ’ या चित्रपटात चिनी शेतकरी जोडप्याच्या भूमिका पॉल म्यूनी आणि लुईझे रायनर यांनी केल्या. रायनर यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. की ल्यूक त्यात होते, पण मुलाच्या भूमिकेत. चार्ली चॅन मालिकेतही ते थोरला मुलगा होते, आणि त्यांचे चिनी वडील झाले होते स्वीडनमध्ये जन्मलेले वॉर्नर ओलंड. जे मोठ्या चित्रपटांना सुचले नाही, ते दारिद्र्याच्या आळीतील एका कंपनीने एका तासाच्या चित्रपटात करून टाकले. त्यामागे काही थोर विचार होता, असा दावा आम्ही करणार नाही. पण पडद्यावर घडले ते घडले. एक चिनी तरुण अमेरिकेच्या पोलीस कॅप्टनच्या बरोबरीने उभा राहतो आणि सर्वांना प्रश्न विचारतो. चीनमधील थडगी उकरणाऱ्यांना त्यात एक टोलाही आहे: आता म्हणे चिनी संशोधक बदल्यात जॉर्ज वॉशिंग्टनचे थडगे खणणार आहेत! लहानपणी तो विनोद आमच्या डोक्यावरून गेला होता. या वेळी आम्ही मनसोक्त हसलो.

पुढे दूरदर्शन घरोघरी आले, एका तिकिटात दोन चित्रपटांची रीत मागे पडली, आणि असे चित्रपट निघायचे थांबले. फ्रेंच दिग्दर्शक गोदार यांनी १९६० सालचा आपला पहिला मोठा चित्रपट मोनोग्राम कंपनीलाच अर्पण केला होता, हे वाचून आम्हांस आपल्याच आळीतील कोणाचा सत्कार झाल्यासारखे वाटले.

आज शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती आमच्यापेक्षा पुष्कळ अधिक चित्रपट आहेत. आमची एवढीच विनंती आहे की एखाद्या शनिवारी यांतील एखादा लावून पाहावा. भिंती हलतील, धुके बनावट दिसेल. त्याला हसावे, आम्हीही हसत असू. पण कोण प्रश्न विचारतो आहे, कोणाला उत्तर द्यावे लागते आहे, आणि आपण कोणाला खरा म्हणतो आहोत, याकडे लक्ष असू द्यावे. दहाच्या आत तो संपतो. भोजनगृहातील दिवे वेळेवर मालवता येतील.