निळं कव्हर, पिवळं कव्हर

संगीताच्या मासिकावर गायकाचा पानभर चेहरा छापला की आतला मजकूर पातळच असणार, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. लासूर स्टेशनला पेटीचे वर्ग घ्यायचे, गांधर्वच्या परीक्षांना पोरं बसवायची आणि 'संगीत कला विहार' वाचायचं, एवढ्या भांडवलावर माझी ऐट उभी होती. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं हे मासिक १९४७ पासूनचं. हाथरसचं 'संगीत' त्याहून जुनं, १९३५ चं, काका हाथरसींनी सुरू केलेलं. एकेका विषयाला वाहिलेले त्याचे विशेषांक आमच्यासारख्या मास्तरांना पाठ्यपुस्तकाच्या जागी. अशा अंकावर विषयाचं नाव ठळक दिसलं की पुरे. चित्र बरं की वाईट, कोण बघतो? हा साधेपणा म्हणजेच अभिरुची, अशी माझी समजूत. मनमाडच्या फलाटावर रंगीत सिनेमासिकं टांगलेली दिसली की मी मान वळवून चहाकडे जायचो.

ती समजूत आज राहिलेली नाही. एका दिवसात गेली असंही नाही.

पहिली शंका आली ती टपालामुळे. माझं मासिक तपकिरी कागदाच्या पट्टीत गुंडाळून यायचं, वर पत्ता आणि तिकीट. पोस्टमनलासुद्धा त्याचं मुखपृष्ठ दिसत नसे. वर्षाची वर्गणी आधीच भरलेल्या माणसाला दर महिन्याला भुलवायचं कशाला? वर्गणीवर चालणाऱ्या कितीतरी मराठी मासिकांची चौकट वर्षानुवर्षं तीच असायची, फार तर शाईचा रंग बदलायचा. तिरंगी ब्लॉक करायचे म्हणजे खर्च, आणि तो कुणासाठी करायचा? ज्याला मी अभिरुची म्हणत होतो त्यात निम्मा वाटा विक्रीच्या पद्धतीचा होता.

फलाटावरचं गणित वेगळं. अंक दोरीला चिमट्यांनी, एकावर एक चढवून लावलेले. खालच्या अंकाचा दिसतो तो वरचा चार बोटांचा पट्टा किंवा डावी कड. म्हणून मासिकाचं नाव वर, म्हणून डोळे वरच्या भागात आणि तेही थेट गिऱ्हाइकाकडे बघणारे. गाडी दोन मिनिटं थांबणार, माणूस खिडकीतूनच बोट दाखवणार. तिथे रागाचं नाव बारीक अक्षरात छापून भागत नाही.

खरा धडा मात्र आमच्या बाजारात मिळाला. कांदा-कपाशी घालून माणसं परतायची तेव्हा कॅसेटच्या गाड्याभोवती गर्दी व्हायची. टी-सीरिज १९८३ ला निघाली आणि पुढच्या काही वर्षांत कॅसेट शेतमजुराच्या खिशाला परवडायला लागली, तो हा काळ. प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटी त्या गाडेवाल्याने तीन ठिकाणी ठेवलेल्या: विठ्ठलाच्या गाण्यांत, बाबासाहेबांच्या गाण्यांत आणि कव्वाल्यांत. मी त्याला म्हटलं, "एकाच गायकाचा माल असा विखरून का ठेवलास? सगळा एका ओळीत लाव." तो हसला. "मास्तर, इथं वाचून कोण घेतंय? निळं दिसलं की भीमाचं, पिवळं दिसलं की खंडोबाचं. माणूस लांबून रंग बघून येतो, नाव नंतर."

दोन कॅसेटी शेजारी धरून पाहिल्या. चार इंच लांब, जेमतेम अडीच इंच रुंद कागद. एकावर विटेवरचा विठ्ठल, मागे केशरी आभाळ. दुसऱ्यावर निळ्या कोटातले बाबासाहेब, मागे अशोकचक्र. गायकाचा फोटो दोन्हीकडे खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. आवाज एकच, घरं वेगळी. कोणत्या घरी जायचं हे कव्हर ठरवत होतं. ज्याला मी भडकपणा म्हणत होतो तो न वाचणाऱ्यालाही वाचता येईल असा पत्ता होता, आणि माझ्या मासिकाच्या पट्टीवरच्या पत्त्यापेक्षा तो लांबून दिसत होता.

मोठ्या जगातही निराळं काही चाललेलं नाही. १९६७ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून 'रोलिंग स्टोन'चा पहिला अंक निघाला. त्यावर जॉन लेनन आहे, पण गिटार नाही, माइक नाही. एका सिनेमातल्या सैनिकाच्या वेषात, डोक्यावर हेल्मेट. संगीताचं मासिक, आणि मुखपृष्ठावर संगीताची खूणही नाही! एका पिढीला तो चेहरा आपला वाटायचा, तेवढं पुरलं. २००८ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली, तीही चेहऱ्यांच्याच जोरावर. इंग्लंडातलं 'ग्रामोफोन' १९२३ पासून अभिजात रेकॉर्डी जमवणाऱ्यांसाठी, तर १९७८ ला निघालेलं 'स्मॅश हिट्स' गाण्यांचे शब्द छापून शाळकरी पोरांसाठी चालायचं. दोघांच्या मुखपृष्ठांची अदलाबदल केली असती तर दोन्ही बुडाली असती.

मला पचायला जड गेलं ते याच्या पुढचं. साधं मुखपृष्ठही मलाच हाक मारत होतं. 'तू त्या चिमट्याला टांगलेल्या अंकांचा वाचक नाहीस' असं ते कानात सांगायचं आणि मी खूश व्हायचो. गाडेवाल्याचं गिऱ्हाईक निळ्या रंगाला भुलत असेल, तर मी रंग नसण्याला भुलत होतो. वर त्याचा अभिमान बाळगत होतो, जो त्या गिऱ्हाइकाला बिचाऱ्याला नव्हता.

परवा भजनी मंडळाने पुस्तिकेचं मुखपृष्ठ ठरवायला बोलावलं. पूर्वी मी पांढऱ्यावर काळं, एवढंच म्हणालो असतो. या वेळी पिवळा रंग, ठसठशीत अक्षर आणि वर पखवाज असं सुचवलं. मोबाइलवरच्या चौकटीतही ओळखू यावं म्हणून पोरांनी अक्षर आणखी मोठं केलं, तेही चाललं. अडलं ते चित्रावर. डीटीपीवाल्याने हौसेने तंबोरा घेतलेली एक बाई आणली होती. तंबोऱ्याला तारा चार, फार तर पाच-सहा. तिच्या तंबोऱ्याला खुंट्या आठ, आणि भोपळा मांडीवर पालथा. रंग हवा तेवढा भडक करा म्हटलं, पण ही बाई मी काढायला लावली.