‘पंप गेला’ म्हणण्याआधी अर्धा तास द्या

थोडा लांबचा विषय वाटेल, पण तलावातल्या गाळाशी म्हणजे आपल्या पाण्याशीच त्याचा संबंध आहे.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आपण ऐकतोय. गाळ निघतो तो पोकलेनने. (हे नावही फ्रान्सच्या पोक्लेन कंपनीचं. आता मशीन कुठल्याही कंपनीची असो, आपल्याकडे ती पोकलेनच.) गाळ काढायला खरा वेळ मिळतो तो पाणी आटल्यापासून पहिल्या पावसापर्यंत. त्यात मशीन आठ दिवस उभी राहिली तर नुकसान फक्त मालकाचं होत नाही. तेवढा गाळ तलावातच राहतो.

माझी मशीन जुनी, सेकंडहँड घेतलेली. गेल्या मे महिन्यात सिन्नर तालुक्यातल्या एका पाझर तलावावर होती. सकाळी झकास चालायची, अकरानंतर मात्र बूम, बकेट, स्विंग, चेन सगळंच सुस्त. एका वर्कशॉपवाल्याने लांबूनच सांगून टाकलं, "पंप गेला, उतरवा." पंप उतरवायचा म्हणजे लाखाची गोष्ट आणि पंधरा दिवसांची खोटी.

आम्ही आधी क्रमाने तपासलं. ऑइलची पातळी बरोबर होती. रंग दुधाळ नव्हता, म्हणजे पाणी शिरलेलं नव्हतं. फेस नव्हता, पंपाचा रडका आवाजही नव्हता, म्हणजे सक्शनमध्ये हवा जात नव्हती. रिटर्न फिल्टर काढून पाहिला, त्यात पितळेचा चुरा नव्हता. पंप आतून झिजत असला तर चुरा बहुतेक तिथेच सापडतो. मग गेज लावला. मशीन तापल्यावरही प्रेशर पुस्तकात दिलंय तेवढं येत होतं.

राहिला ऑइल कूलर. त्याच्या जाळीत गाळाची बारीक धूळ घट्ट बसलेली आणि फॅन बेल्ट ढिला. ऑइल थंडच होत नव्हतं. तापलं की पातळ होतं, आतल्या आत गळतं आणि मशीन मंदावते. जाळी आतून बाहेर हवा मारून साफ केली, बेल्ट ताणला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारलाही मशीन सकाळसारखीच.

जुनी मशीन चालवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. सगळ्याच हालचाली मंद असतील तर ऑइल, फिल्टर, कूलर, पायलट प्रेशर, मेन रिलीफ आणि शेवटी पंप. एकच हालचाल मंद असेल तर पंपाला दोष देऊ नका. त्या हालचालीचा सिलिंडर किंवा मोटर, त्याचा वाल्व, त्याचा पाइप बघा. उचललेला बूम आपोआप खाली बसत असेल तर सिलिंडरचं सील नाहीतर कंट्रोल वाल्व.

आणि हात लावण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून प्रेशर सोडा. बारीक गळती बोटाने कधीच शोधू नका, पुठ्ठा धरा. ३०० किलोच्या प्रेशरची सुईसारखी धार कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण वेळेत ऑपरेशन झालं नाही तर बोट जातं, कधी हातही.

आता मुद्द्याचं. २०२७ च्या सिंहस्थाची कामं आहेत, उन्हाळ्यात तलावांची आहेत. मशिनी वाढतील, पोरं केबिनमध्ये बसतील. पण त्यांना लिव्हर शिकवणारे भेटतात, गेज वाचायला शिकवणारं कोणी नाही. सातपूरला आपली आयटीआय आहे. तिथे ऑपरेटरांसाठी आठ-दहा दिवसांचा हायड्रॉलिकचा वर्ग का होऊ नये? सरकारी कामावरच्या प्रत्येक मशीनला रोजचा अर्धा तास देखभालीचा धरायला काय हरकत आहे?

लोकप्रतिनिधींनी नारळ फोडायला जरूर यावं. पण त्या दिवशी कूलरची जाळी कोणी साफ केली, हेही एकदा विचारावं.

तुमच्याकडचे ऑपरेटर, मिस्त्री यांना टॅग करा. त्यांचे अनुभव खाली लिहा, पुढच्या सीझनला उपयोगी पडतील.