नव्यानें बांधलेलें इंजिन

मोटारीचें इंजिन नव्यानें बांधून घेतलें म्हणजे तिचीं सर्व दुखणीं गेलीं, अशी आपल्या घरांतून सर्रास समजूत असते. वस्तुतः कारागिराचें काम संपतें तेथें निम्मी परीक्षा सुरू होते.

आमच्या घरीं तीर्थरूपांनीं १९८४ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. ह्या जातीच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून नाहींशा झाल्या. आमची मात्र अजून मातोश्रींना देवळांत नेते. इंजिन चार सिलिंडरांचें, १,०८९ घनसेंटिमीटरांचें. तें तेल पिऊं लागलें व मागून निळा धूर येऊं लागला. (काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा, इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर पाणी आंत शिरल्याचा.) म्हणून इंजिन उतरविलें, सिलिंडर बोअर करून वाढीव मापाचे पिस्टन व नव्या रिंगा घातल्या, क्रँक घासून घेतला.

धूर थांबला. गाडी इतकी निःशब्द चालूं लागली कीं घरांत तिचें कौतुक झालें. परंतु आठशें किलोमीटर होतात न होतात तोंच ती कात्रजच्या घाटांत धापा टाकूं लागली, आणि उभी असतां थरथरूं लागली. आमचे धाकटे बंधू नाना संतापले. रिंगा जुन्याच घातल्या, असा त्यांनीं निकाल देऊन टाकला व कारागिराचे राहिलेले बारा हजार रुपये देण्याचें नाकारलें. हा कारागीर तीर्थरूपांच्या वेळेपासूनचा. त्याला पैशांपेक्षां तो शब्द लागला, हें त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतें.

“साहेब, आधीं गाडी पाहूं द्या, मग पैशांचें बोलूं,” इतकेंच तो म्हणाला.

ठिणगी उशिरां पडली तरी गाडी मंदावते व तापते. तें त्यानें प्रथम पाहिलें. तें ठीक होतें. मग प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. तीन जवळजवळ सारखे. तिसऱ्याचा फारच कमी. त्यांत त्यानें चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलें. रिंगांतून दाब जात असता तर तेलानें फट भरून कांटा चढला असता. तो जागचा हालला नाहीं. म्हणजे गळती वर, व्हॉल्व्हपाशीं!

कारण साधें होतें. हेडखालील नवी गॅस्केट उष्णतेनें दबते, बोल्ट सैल पडतात. म्हणून पहिल्या कांहीं शें किलोमीटरांनंतर ते मधून बाहेर अशा क्रमानें पुन्हा आंवळावे लागतात. हेड खालीं बसलें कीं व्हॉल्व्हची ठेवलेली फट कमी होते. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. तिला जागा न उरल्यास तोंड पुरतें मिटत नाहीं, दाब निसटतो, आणि पेटलेला वायु त्याची कड जाळतो. टक्‌टक् करणारे टॅपेट कानाला बोचतात, पण मुके झालेले अधिक घातक. आमच्या घरीं ज्या शांततेची स्तुति चालली होती ती हीच!

पांचशें किलोमीटरांना गाडी आणा, असें त्यानें नानांच्या चिरंजीवांना बजावलें होतें. चिरंजीवांची परीक्षा होती.

इंजिन निवूं देऊन त्यानें बोल्ट आंवळले, फीलर गेजच्या पातळ पात्यानें आठही फटी जुळविल्या. व्हॉल्व्ह अजून जळला नव्हता. कांटा इतर तिघांच्या बरोबरीला आला. दुसऱ्या दिवशीं नाना स्वतः जाऊन बाकी देऊन आले. त्यानें ती मोजून घेतली. आणि तेल बदलण्यास केव्हां यावयाचें, तें ह्या खेपेस चिरंजीवांना न सांगतां आमच्या वहिनींना फोन करून सांगितलें.