लोणारची धार

आमचे मूळ घर हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव या गावी आहे. हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून विख्यात आहे. परंपरेने त्यांचा जन्म इ. स. १२७० मधील मानतात, आणि त्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्यामुळे पंजाबातील यात्रेकरूही येथे येत असतात. नोकरीनिमित्त आमचे बिऱ्हाड शाळेच्या गावी असते. तथापि नाताळची सुटी लागली की पत्नी व मुलांसह नरसीस आईकडे जावयाचे, हा आमचा दर वर्षाचा क्रम होय.

गेल्या नाताळात, सण आटोपल्यावर एके रात्री जेवताना, नववीत शिकणाऱ्या आमच्या कन्येने एकाएकी प्रश्न केला, "बाबा, तुम्ही दर वर्षी वर्गात लोणार शिकवता. तुम्ही ते पाहिलं आहे का?"

इतक्या वर्षांच्या शिक्षकीत असा अडचणीचा प्रश्न आम्हांस क्वचितच कोणी विचारला असेल. फळ्यावर एक मोठे वर्तुळ काढावे, त्यात निळ्या खडूने पाणी दाखवावे, आणि 'खाऱ्या पाण्याचे सरोवर, जिल्हा बुलढाणा' असे खाली लिहून मोकळे व्हावे, एवढाच आमचा लोणारशी संबंध. नरसीहून पहाटे निघून रात्री परतता येईल इतक्या अंतरावरील ते स्थळ आम्ही पाहिले मात्र नव्हते. आम्ही ओशाळून म्हणालो, "नाही पाहिलं. परवा जाऊ."

आईचे वय सत्तरीच्या पुढचे आणि गुडघे दुखरे. म्हणून ती येईल अशी आमची अपेक्षा नव्हती. परंतु लोणारच्या धारेचे पाणी अंगास फार गुणकारी आहे असे शेजारच्या एका आजीबाईंनी तिच्या मनात भरविले होते, म्हणून तीही सिद्ध झाली. ज्वारीच्या भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि नाताळातील उरलेल्या करंज्या असा शिधा बांधून, भाड्याच्या जीपगाडीने आम्ही पाच माणसे दिवस उजाडण्यापूर्वीच निघालो.

सेनगाव मागे पडले व गाडी रिसोडच्या वाटेस लागली. तुरीची शेते दोन्ही अंगांस उभी होती. आईचे माहेर याच वाटेवर, सडकेपासून थोडे आत आहे. फाटा आला तेव्हा आम्ही विचारले, "थांबायचं का घटकाभर?" आई खिडकीबाहेर पाहत होती. ती एवढेच म्हणाली, "कोण हाय आता तिथं? चला पुढं."

लोणारास पोहोचल्यावर प्रथम धारेपाशी गेलो. विवराच्या काठाजवळ, जुन्या देवालयांच्या सान्निध्यात, गोमुखातून गोड पाण्याचा हा झरा बारमाही वाहत असतो. यात्रेकरू व रोगपीडित लोक पिढ्यानपिढ्या या पाण्याने स्नान करीत आले आहेत. येथूनच सरोवराकडे पायवाट उतरते. ती उतरणे आईस शक्य नव्हते. तिला एका दगडी पायरीवर सावलीत बसवून, रिकामी बाटली तिच्या हाती देऊन आम्ही म्हणालो, "धारेचं पाणी भरून घे, पी, गुडघ्यांना लाव. आम्ही दोन तासांत येतो." आणि आम्ही खाली गेलो.

वरून पाहताच फळ्यावरच्या त्या वर्तुळाची आम्हांस लाज वाटली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे व सुमारे १५० मीटर खोलीचे ते विवर, कडेकडेने दाट झाडी, आणि तळाशी हिरवट, निश्चल पाणी! वाटेत आमच्यातील शिक्षक जागा झाला. आम्ही मुलांस सांगू लागलो की, येथील क्षारांचा उल्लेख 'ऐने अकबरी'तही सापडतो. इंग्रज अधिकारी जे. ई. अलेक्झांडर याने हे स्थळ १८२३ साली पाहिले. पुष्कळ काळ विद्वान यास ज्वालामुखीचे मुख समजत होते. परंतु ज्या तऱ्हेची काच केवळ आघाताच्या प्रचंड दाबानेच बनते, तशी काच येथील खडकांत आढळल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणावर अशनी आदळून हे विवर पडले हे मत दृढ झाले. "ही गोष्ट ५२,००० वर्षांपूर्वीची," असे म्हणून आम्ही समारोप केला.

"नाही बाबा," कन्या म्हणाली, "तो आकडा जुना झाला. वितळून थिजलेल्या खडकातला आरगॉन वायू मोजून नवं वय काढलंय. पाच लाख वर्षांहूनही जास्त."

आम्ही क्षणभर थांबलो. किती वर्गांस आम्ही तो जुना आकडा पाठ करावयास लावला असेल, याचा हिशेब मनात चालू झाला. पत्नी हसून म्हणाली, "आता गुण कोणी कोणाला द्यायचे?"

काठाशी कुजट वास येत होता. या पाण्यास बाहेर जावयास वाटच नाही. पावसाचे व झऱ्यांचे पाणी आत येते, उन्हाने त्याची वाफ होऊन जाते, आणि त्यातील क्षार मागे राहतात. असे युगानुयुगे होऊन पाणी खारट व अतिशय अल्कधर्मी झाले आहे. पूर्वी येथील क्षार साबणाकरिता, काचेच्या बांगड्यांकरिता व कापडाचा रंग पक्का करण्याकरिता नेत असत. या पाण्यात सूक्ष्म जीव विपुल आहेत. जून २०२० मध्ये सारे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव हेच असल्याचे दाखविले. त्याच वर्षी हे सरोवर रामसर पाणथळांच्या यादीत दाखल झाले. निघताना आईने "पापडाला थोडा खार आण" असे बजावले होते. पण हे अभयारण्य आहे, येथून खडासुद्धा उचलावयाचा नाही, असे मुलानेच आम्हांस सांगितले.

वर येताना मुलाने विचारले, "वरची धार गोड आणि खालचं पाणी खारट, असं कसं?" आम्ही म्हणालो, "पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून झिरपून धारेत येतं. ते वाहतं म्हणून गोड आहे. तेच खाली जाऊन कोंडतं आणि कडू होतं." उत्तर बरे दिले म्हणून आम्ही मनात संतुष्ट झालो.

आई त्याच पायरीवर, तशीच बसली होती. ऊन तिच्या पायांवर आले होते. बाटली रिकामी होती. चार पावलांवर धार वाहत होती. लोक येत होते, पाणी भरून जात होते.

"आई, पाणी का घेतलं नाहीस?"

"घेते की," ती म्हणाली. "कुणी वाढाय आलं न्हाई अजून."

शब्द तोंडून गेल्यावर तिचे तिलाच कळले, आणि ती पदराने तोंड पुसू लागली. मुलांस काही उमगेना. मग तिने थोडक्यात सांगितले. माहेरच्या गावी विहिरीस शिवण्याचा अधिकार तिच्या घरच्यांस नव्हता. घागर घेऊन दूर बसावयाचे, हाक मारावयाची नाही, आणि कोणास दया येईल तेव्हा वरून ओतलेले पाणी घ्यावयाचे. "एकदा धाकटा भाऊ तापानं फणफणला व्हता. मी दोन तास बसले. पाणी घेऊन गेले तवा त्यो मागून मागून निजला व्हता." इतके बोलून ती थांबली. मग म्हणाली, "इथं मला कुणी आडवलं न्हाई, बाबा. माझाच पाय उचलंना."

ती गोष्ट १९६० नंतरची आहे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी प्राशन केले होते, आणि राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केल्यालाही दहा-बारा वर्षे लोटली होती. या दोन्ही तारखा आम्ही दर वर्षी वर्गात शिकवितो. पण आपल्या घरात बसलेल्या बाईस, "तुझ्या गावी पाणी कसे मिळत होते?" असे आम्ही एकदाही विचारले नव्हते. आम्हांस मिशनच्या वसतिगृहात नळ होता. तिचे बालपण कसे गेले हे जाणून घेण्याची गरजच आम्हांस कधी भासली नाही. लोणार जसे न पाहता शिकविले, तसेच हेही.

कन्येने आजीचा हात धरला. धारेपाशी एक बाई लेकराचे तोंड धूत होती, ती बाजूस सरून म्हणाली, "या आजी, इथं जागा आहे." आईने प्रथम एक बोट पाण्यास लावले, मग दोन्ही ओंजळी भरून प्यायली, आणि मग गुडघ्यांस पाणी चोळीत बराच वेळ उभी राहिली. बाटली तिने स्वतःच भरली. आम्हांस भरू दिली नाही.

परतताना तो फाटा आला, तेव्हा आईनेच गाडी थांबविण्यास सांगितले. गावाच्या कडेस ती विहीर अद्याप आहे. आता ती वापरात नाही; घरोघर नळ आले आहेत, आणि विहिरीत झुडपे वाढली आहेत. आईने काठावर हात टेकून आत डोकावून पाहिले. "केवढी मोठी वाटायची," ती म्हणाली. "ल्हानच हाय की."

गुडघ्यांचे म्हणाल, तर ते होते तितकेच दुखतात. परंतु ती बाटली आई अद्याप रिकामी करीत नाही.

विद्यार्थ्यांनो, सुटीत लोणार अवश्य पाहा, आणि आम्ही सांगितलेला तो जुना आकडा आपल्या वहीत दुरुस्त करून घ्या. मात्र त्याआधी एक सायंकाळ आपल्या आजीजवळ बसा आणि तिच्या लहानपणी पाणी कोठून येत असे, एवढे तिला विचारा. त्या उत्तराचे गुण आम्ही देऊ शकणार नाही. पण हा धडा आम्ही फार उशिरा शिकलो, तितका उशीर तुम्हांस होऊ नये.