टँकरची लक्षवेधी

विरोधकांना उत्तर देणं मंत्र्यांना फारसं जड जात नाही. जड जातं ते आपल्याच बाजूच्या आमदारांना. मंत्रालयात कक्ष अधिकारी होतो तेव्हा विधानसभेत अधिकाऱ्यांच्या दीर्घेत बसून हे मी पुष्कळदा पाहिलं. एका दुष्काळी वर्षी मार्चच्या अधिवेशनात आलेली टँकरची लक्षवेधी मात्र विशेष लक्षात राहिली.

नियम 105 खालची सूचना होती सत्ताधारी बाकांवरच्या, मराठवाड्यातल्या एका आमदारांची. निवेदनाचा मसुदा माझ्याच टेबलावर झालेला. माणशी रोज 20 लिटर पाणी, लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची, मागणी आली की पाहणी, मग मंजुरी. शेवटी ‘गैरसोय झाल्याचे निदर्शनास आलेले नाही’ हे वाक्य. ते आमच्याकडे मिठासारखं, कुठल्याही उत्तरात चिमूटभर पडतंच.

निवेदन आधीच छापून वाटलेलं असतं. खरी परीक्षा उपप्रश्नांत. आमदार उठले. “अध्यक्ष महोदय, जनगणना झाली फेब्रुवारीत. तेव्हा आमचा अर्धा तांडा कोयता घेऊन उसाच्या फडात होता. आता कारखाने बंद व्हायला लागलेत, माणसं घरी परततायत. त्यांनी पाणी कुणाच्या वाट्याचं प्यायचं?”

आमच्या अख्ख्या फायलीत हा मुद्दा नव्हता. मी घाईघाईनं चिठ्ठी लिहिली: ‘अधिकृत आकडा जनगणनेचाच. बदल करायचा तर वित्त विभागाची सहमती आवश्यक.’ शिपायानं ती पुढे नेऊन दिली. मंत्र्यांनी वाचली, घडी घातली आणि निवेदनाखाली सरकवली. तोवर त्याच बाजूचे आणखी दोघंतिघं उभे. एकाच्या मतदारसंघात टँकर गावच्या विहिरीत रिकामा होत होता आणि वस्त्या तिथून दोन-दोन किलोमीटर लांब.

मंत्री जुने, जिल्हा परिषदेतून वर आलेले. ‘सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी सहमत आहे’ म्हणून त्यांना बसता आलं असतं. बहुतेक जण तसंच बसतात. ते म्हणाले, “तलाठी आणि ग्रामसेवकानं मिळून आज गावात आहेत ती माणसं मोजावीत. तो आकडा धरू. तशा सूचना आठ दिवसांत जातील.” बाकं वाजली. माझ्या शेजारी बसलेल्या उपसचिवांनी डोळे मिटून घेतले.

वस्त्यांचं मोघमातच राहिलं. आणि मग विरोधी बाकावरून जनावरांचा प्रश्न आला. मंत्री म्हणाले, जनावरं छावणीत आहेत. मागून कुणीतरी विचारलं, “शेळ्या कुठल्या छावणीत?” सभागृह हसलं, मंत्रीही हसले आणि म्हणाले, “तपासून घेऊ.”

माणसांबाबतचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांना खरंच आठ दिवसांत गेलं. वित्त विभागाची सहमती मागाहून, बरीच कुरकुर होऊन आली. शेळ्यांचं ‘तपासून घेऊ’ मात्र कामकाजात आश्वासन म्हणून नोंदलं गेलं. त्याच्या पूर्ततेला मुदत 90 दिवसांची. आम्ही मुदतवाढ मागितली. तेवढ्यात पाऊस पडला, टँकर थांबले, आणि विभागानं आश्वासन समितीला कळवलं की आता पाणीपुरवठ्याची गरज उरली नसल्यानं हे आश्वासन वगळण्यात यावं. टिपणी मीच लिहिली होती, आणि नियमांच्या भाषेत ती चोख होती.

समितीनं ती मान्य केली नाही. विभागाच्या सचिवांना साक्षीला बोलावलं, सोबत शेळ्या-मेंढ्यांची तालुकावार संख्या घेऊन.