बिनखटक्याचा

मिटलेला असताना तो तळहातात मावतो. दोन्ही बाजूंना खैराच्या लालसर फळ्या, तोंडाशी पितळेची टोपी, मधोमध पोलादाची एक बारीक पट्टी. ही पट्टी म्हणजे त्याची पाठ. पाते पोटात दडलेले, त्यामुळे हातात घेणाऱ्याचे लक्ष आधी लाकडाकडे जाते. जरा जाणता असेल तर पाते उघडून धारेवर अंगठा आडवा फिरवतो. पाठीकडे फार थोडे जण बघतात. आणि या चाकूची सगळी अब्रू पाठीत आहे.

सावर्ड्यात आमच्या घरी तो धाकट्या काकांचा चाकू म्हणूनच ओळखला जातो. काका आंब्याची कलमे बांधत. मुंबईहून गणपतीला आलेल्या एका चाकरमान्याकडून त्यांनी तो घेतला, तेव्हाही तो नवा नव्हता. पात्याच्या बुडाशी कधीकाळी कारखान्याचा शिक्का असावा. आता तिथे दोन-तीन उभ्या रेघा उरल्या आहेत, भिंगातूनही अक्षर लागत नाही. तो शेफिल्डचा की आणखी कुठला, यावर घरात पुष्कळ बोलणे होते. मला विचाराल तर नाव पुसले गेले हे चांगलेच झाले. नावाजलेल्या चाकूला लोक आधी मान देतात आणि मग हातात घेतात. याला मात्र अंगावरूनच पारखावे लागते.

त्याला खटका नाही. रामपुरी उघडला की खटका पडतो आणि तो सोडवल्याशिवाय पाते मिटत नाही. इथे तसली सोय नाही. पात्याचे बूड चौकोनी घडवलेले, त्या बुडावर पाठीची कमान नेटाने टेकलेली; पाते उभे राहते ते एवढ्याच आधारावर. चौकटीत नेमके बसलेले दार कडी न लावताही वाऱ्याने हलत नाही, तसे हे आहे. सतराव्या शतकात इंग्लंडातल्या शेफिल्डमध्ये ही पाठीची कमान रुळली, आणि तेव्हापासून तिच्या मूळ कल्पनेत फारसा बदल झालेला नाही. खटक्याच्या चाकूत इतर काम थोडे ढिले असले तरी खटका सांभाळून घेतो. बिनखटक्याच्या चाकूत सांभाळून घेणारे कोणी नसते. कानशीचा एक हात जास्त फिरला, तर तो आयुष्यभर दिसतो.

काका म्हणत, ‘‘डोळ्याआधी कानाला विचार.’’ नख खाचेत अडकवून पाते वर ओढायचे. काटकोनात आले की पहिली टक्, पुरते उघडले की दुसरी टक्. मिटवतानाही तसेच. आवाज स्वच्छ हवा. तो मऊ आला, तर सांध्यात मळ साचलेला असतो, नाहीतर कमान थकलेली असते. पण मोठा आवाज म्हणजे चांगला चाकू असेही नाही. काही चाकू उघडताना नख उखडेल की काय असे वाटते, आणि विकणारा तो कडकपणाच मजबुती म्हणून दाखवतो. मला तो मान्य नाही. कलमाच्या हंगामात पावसाने बोटे फुगलेली, चिकाने माखलेली असतात. त्या बोटांना जो चाकू उघडत नाही, त्याचे पोलाद कितीही चांगले असले तरी काय कामाचे? ओढ अशी हवी की नखाला विरोध कळावा, दुखू नये, आणि शेवटच्या टप्प्यात पात्याने स्वतःहून जागा घ्यावी.

मग पाठ बघायची. नख पाठीवरून आडवे फिरवायचे, तीनदा: चाकू मिटलेला असताना, पाते काटकोनात असताना, आणि पुरते उघडल्यावर. चांगल्या चाकूत तिन्ही वेळी कमान बाजूच्या पितळी पत्र्यांशी समपातळीत लागते. हे वाचायला सोपे आणि करायला अवघड. बुडाच्या तीन बाजू आणि कमानीचे टोक यांचा एकमेकांशी मेळ बसेपर्यंत कारागीर चाकू जोडतो, बघतो, पुन्हा सुटा करतो, केसभर घासतो, पुन्हा जोडतो. आमचा चाकू मिटलेला आणि उघडलेला असताना अगदी सपाट लागतो. काटकोनात मात्र कमान किंचित वर येते; दिसत नाही, नखाला कळते. म्हणजे घडवणाऱ्याने दोन मुक्कामांवर जीव ओतला आणि तिसऱ्यावर थोडे सोडून दिले. ते दोन त्याने बरोबर निवडले असे मला वाटते. चाकू खिशात असतो तेव्हा मिटलेला असतो आणि कामाला असतो तेव्हा उघडा. काटकोनात तो क्षणभरच थांबतो.

यानंतर चाकू खिडकीसमोर धरायचा. कमान आणि पितळी पत्रा यांच्यामधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. फट असेल तर पहिल्याच पावसात तिथे पाणी शिरते आणि गंज आतून धरतो. मग पात्याचे टोक चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवायचे. सांध्याचा खिळा सैल ठोकला असेल तर पाते डुगडुगते, जास्त ठोकला असेल तर अडखळते. आमच्या चाकूला इतक्या वर्षांनी थोडा खेळ आला आहे, पण तो आडवा आहे. वर-खाली त्याचे पाते अजून हलत नाही. आडवा खेळ खिळ्याच्या डोक्यावर हलक्या हाताने हातोडी मारून बराचसा निघतो. वर-खाली खेळ आला, तर बूड किंवा कमान झिजली असे समजावे, आणि त्यावर उपाय जवळपास नसतोच.

शेवटची पारख पोटातली. मिटल्यावर धार कमानीला टेकता कामा नये, नाहीतर प्रत्येक मिटण्याबरोबर ती बोथट होते. त्यासाठी पात्याच्या बुडाजवळ एक छोटी टाच ठेवलेली असते. कमानीला ती टाच लागते आणि धार अधांतरी राहते. खोबणीत कागदाची पट्टी ठेवून चाकू मिटवावा आणि पट्टी ओढून काढावी. कापली गेली, तर टाच खोटी.

पाते आणि कमान, दोन्ही पोलादाचीच. पण त्यांना पाणी वेगवेगळे दिलेले असते, आणि कारागिराचा खरा कस तिथे लागतो. दोन्ही लाल तापवून विझवली की काचेसारखी ठिसूळ होतात, म्हणून त्यांना पुन्हा बेताने ऊब द्यावी लागते. पाते गवती पिवळ्या रंगावर आले की थांबायचे, म्हणजे ते कठीण राहते आणि धार धरते. कमान त्याच्या पुढे, निळ्या रंगापर्यंत न्यायची, म्हणजे ती वाकून पुन्हा जागेवर येते. पाते निळे पडू दिले तर धार टिकत नाही. कमान पिवळ्यावर सोडली तर एखाद्या दिवशी ती दोन तुकडे होऊन हातात येते. तयार चाकू बघून हे कळत नाही. ते कळायला वर्षे जावी लागतात, आणि आमच्या चाकूने ती काढली आहेत.

फळ्या मात्र त्याच्या मूळच्या नाहीत. मूळच्या फुटल्यावर इथल्याच एका सुताराने खैराच्या गाभ्यातून नव्या कापून बसवल्या. सावर्ड्याला खैर परका नाही. इथल्या कातभट्ट्यांसाठी हे गाव ओळखले जाते. खैराची साल आणि बाहेरचे पांढरे लाकूड तासून टाकतात, आतला लाल गाभा बारीक फोडून पाण्यात उकळतात, तो रस आटवतात, आणि थंड होऊन जमला की कात मिळतो. खैरातले टॅनिन लोखंडाला लागले की काळे पडते, म्हणून कात उकळायला लोखंडी भांडे टाळतात. आता या चाकूत बघा: खैराची फळी आणि पोलादी कमान यांच्यामध्ये पितळेचा पत्रा आहे. सुताराने खिळेही पितळेचेच वापरले. लाकूड पोलादाला कुठेच शिवत नाही. मुंबईत किंवा परदेशात जोडलेल्या चाकूला सावर्ड्याचे लाकूड इतके निमूट मानवले, ते त्या पत्र्यामुळे.

पात्याला तसे कवच नाही. कैरीने ते काळे-निळे झाले आहे, आणि ते डाग कोणी घासून काढत नाही. साध्या कार्बनी पोलादाचे हे अंग. स्टेनलेस चाकू आयुष्यभर चकचकीत राहतो. पण कुरुंदाच्या दगडावर थोडे हात फिरवले की कार्बनी पात्याला जी धार चढते, ती कलमाला लागते.

कोय कलम पावसाळ्यात बांधतात. कोयीतून उगवलेले, पानांचा तांबूस रंग अजून न गेलेले कोवळे रोप वरून छाटायचे, खोडाला मधोमध उभी चीर द्यायची, हापूसची काडी दोन्ही अंगांनी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायची. काप एका ओढीत व्हायला हवा. पाते अडखळले की कोवळी साल चेचते, आणि चेचलेल्या सालीशी काडी जुळत नाही. दापोलीला १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ झाले, त्याच्या प्रसारामुळे ही पद्धत कोकणात गावोगाव पोचली. पुढे १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कलमांना एकदम मागणी वाढली. रत्नागिरी जिल्ह्यात रोपवाटिकांची शेड ठिकठिकाणी उभी राहिली. काकांच्या हातात चाकू सबंध दिवस असे तो याच वर्षांत. खास कलमाचा चाकू एका अंगाने सपाट असतो, हा तसा नाही. तरीही काकांनी याच्यावरच काम केले, कारण त्याच्या पात्याचा कोन त्यांच्या मनगटाला पाठ झाला होता.

त्या सततच्या धार लावण्याने पाते अरुंद झाले. धार झिजते तसे टोक पाठीच्या बाजूला सरकत जाते, आणि मिटल्यावर पत्र्यांच्या बाहेर डोकावू लागते. खिशाचा धागा त्यात अडकू लागला तेव्हा काकांनी टाच कानशीने किंचित घासली. पाते आत बसले, टोक लपले, आणि धार कमानीपासून अजूनही सुटी आहे. अशी दुरुस्ती एक-दोनदाच करता येते. आता टाचेत घासण्याजोगे फार उरलेले नाही.

इंग्लंडात १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, न अडकणारा घडीचा चाकू जवळ बाळगायला कारण सांगावे लागत नाही. खटका असला की तीच सवलत जाते. कायद्याने का होईना, या चाकूचा स्वभाव ओळखला. तो खुपसण्यासाठी केलेलाच नाही. कापताना जोर धारेवर येतो आणि पाते अधिकच उघडे राहायला बघते. टोकाने भोसकले किंवा पाठीवर दाब दिला की ते बोटांवर मिटते.

सांध्याला खोबरेल घालू नये. आमच्याकडे फणस चिरताना पात्याला खोबरेल लावतात ते योग्यच, चीक चिकटत नाही. पण सांध्यात ते थंडीत थिजते, पुढे चिकट होते, आणि चाकू आखडतो. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, पाते चार-सहा वेळा उघडून मिटून, वर आलेला काळा मळ फडक्याने पुसून, पुन्हा एक थेंब. जूनच्या आधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा.

हल्ली चाकू माझ्या भाचीकडे असतो. ती इथल्याच सह्याद्री कला महाविद्यालयात शिकते आणि त्याने पेन्सिली तासते, शिसे लांब उघडे ठेवून, चित्रकारांना लागते तसे. दिला तेव्हा मी तिला पाठीवरचे नख आणि खिडकीचा उजेड दाखवला, आणि अंगठ्याची जागा. पेन्सिल तासताना डावा अंगठा पात्याच्या पाठीवर येतो. तो लाकडाच्या अलीकडे, मुठीच्या बाजूला हवा. पलीकडे, टोकाच्या बाजूला गेला की चाकू मिटतो. तिने लगेच अंगठा मागे घेतला, एक लांब साल काढली, आणि पाते काटकोनात आणून नखाने पाठ तपासली. ‘‘इथे थोडी वर आहे,’’ ती म्हणाली.