दोर कीं तार ?

कर्जत व खालापूर हे तालुके डोंगराचे. समुद्र तेथून दिसावयाचा नाहीं. तथापि शिडाच्या होडीस दोर घ्यावा कीं तार, ह्या प्रश्नाचा उलगडा आम्हांस त्याच मुलखांत हिंडतांना झाला.

खोपोलीस टाटांचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून सुमारें १,७०० फूट खालीं येऊन तेथील चक्रें फिरवितें, आणि वीज तारांवरून मुंबईकडे जाते. ह्या तारा मनोऱ्यांवर ताणलेल्या. त्यांना धांवणें ठाऊक नाहीं. उलट कर्जतकडील वाडींत विहिरीवर पाहावें, तों पोहऱ्याचा दोर कप्पीवरून वाकत असतो व बायकांच्या हातांतून सरकत असतो. त्याचे पेड विरूं लागले कीं ते डोळ्यांस दिसतात, व दोर तुटण्यापूर्वींच बदलतां येतो.

वीजगृहांतून सुटलेलें पाणी पाताळगंगेस मिळतें, आणि ती नदी आपट्यावरून धरमतरच्या खाडीकडे जाते. खाडींतील शिडाच्या होडीवर हीं दोन्ही कामें एकाच डोलकाठीपाशीं असतात. डोलकाठी उभी धरणारे ताण स्थिर. तेथें पोलादी तार योग्य, कारण ती फारशी लांबत नाहीं. परंतु शीड चढविणारी व वाऱ्याप्रमाणें तें आवळणारी दोरी सारखी धांवते. तिच्यासाठीं सात पेडांची, दर पेडांत १९ तारा असलेली लवचिक तार मिळते खरी. पण तिला मोठी कप्पी लागते. लहान कप्पीवर वाकून तिच्या तारा एकेक तुटतात, आणि तीं टोंकें तळव्यांत शिरतात.

दोरांतही निवड आहे. काथ्या खाऱ्या पाण्यांत टिकतो, पण त्यास बळ कमी. नायलॉन फार लांबतो. तो नांगरास उत्तम, शिडास नव्हे. पॉलिएस्टर कमी लांबतो, म्हणून साधारण कुटुंबाच्या होडीस तोच पुरेसा. डायनीमा वजनानें हलका असून तारेइतका ताण सोसतो, मात्र महाग पडतो.

वावटळ अंगावर आली असतां शीड तत्काळ उतरावें लागतें. त्या वेळीं दोरी अडकली, तर होडी उलटावयास उशीर लागत नाहीं. यास्तव दुकानांत केवळ ताणाचा आंकडा विचारूं नये. होडींत बसणाऱ्या मुलाच्या ओल्या हातांतून ती दोरी सुखानें सुटेल काय, हें आधीं पाहावें.